भरल्या घराचा सूर

माझ्या भावोजींना सगळे घुम्या म्हणतात. घुम्या रंगारी. ज्यांनी त्यांना नुसतं रस्त्यात पाहिलंय त्यांना वाटतं, माणूस तोंड उघडत नाही म्हणून हे नाव पडलं असणार. त्यात खोटं काही नाही. ताईशी लग्न ठरल्यावर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा तासभर पायांकडे बघत बसले आणि निघताना एवढंच म्हणाले, की तुमच्या मागच्या भिंतीत ओल आहे. आईने त्या दिवशी कपाळाला हात लावला होता. पण ज्यांच्या घरी त्यांनी रंग दिलाय त्यांना नावाचं खरं कारण माहीत आहे. भावोजी रिकाम्या खोलीत घुमायचे.

रंगकामाला खोली रिकामी करावी लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. सामान बाहेर निघालं, भिंतीवरचे खिळे उपटून झाले, की बाकीचे रंगारी बोटाच्या पेरांनी भिंत ठोकत फिरतात. गिलावा आतून सुटला असेल तर आवाज पोकळ येतो. भावोजींची रीत वेगळी होती. ते खोलीच्या मधोमध उभे राहायचे, डोळे मिटायचे, आणि तोंड बंद ठेवून खालच्या सुरापासून हूं करत हळूहळू वर जायचे. कुठेतरी एका जागी खोली तो सूर उचलायची. म्हणजे काय व्हायचं ते मी स्वतः ऐकलंय म्हणून सांगते. एकट्याचा आवाज दोघांचा व्हायचा. भिंती बोलायला लागायच्या, आणि जिथे गिलावा सैल असेल तिथे बारीक गुणगुण उठायची. मग भावोजी डोळे न उघडता तिकडे बोट करायचे. घरमालक बिचारे दाराबाहेर उभे राहून वाट बघायचे की हा कधी एकदा ब्रश हातात घेतोय.

रिकामं घर खायला उठतं असं आपण म्हणतो. भावोजींसाठी ते गायला उठायचं.

प्रत्येक खोलीचा सूर वेगळा असतो, हे त्यांनी ताईला लग्नानंतर लगेच सांगितलं. दुसरा कोणी नवरा बायकोला काहीतरी बरं सांगतो. पण ताईला ते आवडलं. ती घरी शिवणकाम करायची, आणि दुपारचा डबा घेऊन कामावर गेली की उपड्या बादलीवर बसून त्यांचं घुमणं ऐकायची. मग घरी येऊन मशीन चालवता चालवता त्या सुराला धरून काहीतरी पुटपुटायची. संध्याकाळपर्यंत गाणं तयार. सूर खोलीचा, शोधलेला भावोजींचा, आणि शब्द ताईचे. लिहून कधी ठेवलं नाही. तिच्या तोंडून आमच्या तोंडी आलं आणि आमच्या तोंडून गावात गेलं.

कोर्टात वाट बघायची जी खोली आहे, तिचं गाणं एकाच सुरावर रेंगाळतं. ओळ संपता संपता सूर एकदम वर चढतो, कोणीतरी नाव पुकारल्यासारखा, आणि तिथून पुन्हा खाली बसतो. कारण नाव दुसऱ्याचं असतं. 'पुढचं नाव, पुढचं नाव, तुमचं नाही, बसा.' एवढेच शब्द. एका लग्नाच्या जेवणानंतर ताईने ते म्हटलं तर समोर बसलेले एक म्हातारे गृहस्थ खरोखर अर्धे उठले आणि परत बसले. त्यांनी आयुष्य त्या बाकावर काढलं होतं. आम्ही हसून हसून लोळलो, आणि ते मात्र हसले नाहीत.

दवाखान्याच्या लांब बोळाचं गाणं चवड्यांवर चालतं. त्यातले शब्द अर्धवट सुटतात, आतून कोणी येतंय का ते बघतात आणि पुढे सरकतात. धान्याच्या गोदामाचं गाणं इतकं खर्जातलं होतं की ते फक्त भावोजीच म्हणू शकायचे. त्यात एक उंदीर होता, त्याच्या मागे एक मांजर होतं, आणि मांजराच्या मागे कोणी नव्हतं म्हणून ते रडत होतं. बंद पडलेल्या छापखान्याचं होतं, शाळेच्या मोठ्या हॉलचं होतं. हॉलच्या गाण्यात प्रत्येक ओळ दोनदा यायची, दुसऱ्यांदा जरा लहान होऊन. ती जागा न पाहिलेल्या माणसालाही गाणं ऐकून तिथला वास यायचा, हे मी शपथेवर सांगेन. लोक ताईला फर्माईश करायचे, दवाखान्याचं नको गं बाई, हॉलचं म्हण.

एका जागेचं गाणं मात्र झालं नव्हतं, त्यांच्या स्वतःच्या घराचं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली कुलूपवाल्याचं दुकान, जिन्याला लाकडी कठडा. लग्नापासून तिथेच राहत होते. ताई दरवर्षी एकदा तरी म्हणायची, की जगाच्या भिंती रंगवता, आपल्या कधी? आणि आपल्या घराचं गाणं कधी? भावोजींचं उत्तर ठरलेलं. खोली रिकामी झाल्याशिवाय सूर देत नाही, आणि राहतं घर रिकामं कसं करायचं? एवढा पसारा कुठे नेऊन टाकायचा?

"होईल कधीतरी रिकामं," ते म्हणायचे. "तेव्हा करू."

ताई हसायची. मीही हसायचे. शब्द कसा जिभेवरून घसरतो आणि पुढे जाऊन कुठे उभा राहतो, हे तेव्हा कुणाला कळतं.

ताई आजारी पडली ती उठलीच नाही. खाट आतल्या खोलीत भिंतीला लावली होती, पायथ्याशी लोखंडी कपाट, उशाशी छोटं स्टूल, खिडकीजवळ भावोजींची खुर्ची. मी, भाची आणि भावोजी आळीपाळीने बसायचो. भाची म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी; गावाच्या दुसऱ्या टोकाला दिली आहे, स्वभावाने थेट बापावर गेली आहे, फक्त ती बोलते. ताईचं बोलणं हळूहळू कमी झालं, आणि उरलं ते सगळं कामांचं. कपाटाचं दार लोटा. भांडं पालथं घाला. उशी जरा फिरवा माझी. पडदा थोडा ओढा. ठिबकतो नळ, आवळा जरा. खुर्ची बाजूला घ्या. आयुष्यभर घर चालवलेली बाई, शेवटीही तिचा जीव कपाटात आणि नळात अडकलाय असं आम्ही म्हणायचो. ती बोलली की जो जवळ असेल तो उठायचा आणि करून टाकायचा.

गंमत अशी की कपाटाचं दार आधीच लावलेलं असलं तरी ती लोटा म्हणायची. तो दळभद्री नळ दुरुस्त झाला तरी आवळा म्हणायची. आणि एक गोष्ट मला खटकायची. ती मला अहोजाहो करायला लागली होती. मी तिच्यापेक्षा लहान, तिच्या मांडीवर वाढलेली. खोलीत मी एकटी असताना ती मला लोट, घाल, ओढ म्हणायची सोडून लोटा, घाला, ओढा म्हणायची. मुलीलाही तसंच. मी एकदा तिला चिडवलं, की ताई, मला कधीपासून मान द्यायला लागलीस? ती हसली, अगदी पहिल्यासारखी हसली, आणि परत पहिल्यापासून सुरू झाली. कपाटाचं दार लोटा. डॉक्टर म्हणाले, औषधांनी होतं असं, माणसं ओळखू येत नाहीत. आम्हीही मान डोलावली.

तिचं शेवटचं वाक्य नेहमी एकच असायचं. दिवा तेवढा राहू द्या हो. जागी आहे मी, निजा.

बाकी सगळं आम्ही ऐकलं, ते कधीच ऐकलं नाही. भर दुपारीही ती निजा म्हणायची. आजारी माणूस जागं असताना निजायचं कसं? भावोजी तर खुर्चीतून हललेच नाहीत. हनुवटी छातीवर पडली की दचकून वर करायचे. ती गेली तेव्हाही ते जागेच होते.

त्यानंतरचं सांगताना मला अजून राग येतो. सगळं आटोपून पाहुणे गेल्यावर भावोजींनी घर रिकामं करायला काढलं. खाट माझ्याकडे पाठवली, कपाट मुलीकडे. शिवणयंत्र, स्टूल, खुर्ची, भांडी, पडदे, कुणाला काय आणि कुणाला काय. मुलगी धावत आली तर जिन्यातच तिला आईची ट्रंक घेऊन उतरणारा हमाल भेटला. ती एवढी रडली की खाली कुलूपवाल्याने दुकान सोडून तिला पाणी आणून दिलं. ती मला म्हणाली, मावशी, बाबांनी आईला घराबाहेर काढलं. मी तिला समजावलं खरं, पण मलाही तसंच वाटलं होतं. दुःखाने माणूस वेडावाकडा वागतो हे मान्य, पण इतकं?

मग घुमणं सुरू झालं. रिकाम्या घरात भावोजी सतरंजीवर बसून राहायचे आणि उठले की मधोमध उभं राहून घुमायचे. कुलूपवाला सांगायचा, छतातून आवाज येतो तेव्हा माझ्या भिंतीवर टांगलेल्या किल्ल्या हलतात. गिऱ्हाईक म्हणतं, वर कोण आहे? मी म्हणतो, रंगारी आहे. गिऱ्हाईक म्हणतं, आणि त्याच्याबरोबरची बाई कोण? हे तो मला हसत हसत सांगायला आला होता, पण शेवटी त्याचं हसू कुठे गेलं ते त्यालाही कळलं नाही. समोरच्या घरातल्या बायकांनी मुलांना त्या बाजूने जाऊ देणं बंद केलं. घरमालकीण जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच हाक मारून परत जाऊ लागली.

भावोजी झोपत नव्हते, खरी भीती ती होती. कामावर शिडीच्या घोडीवर उभे असताना डोळा लागला आणि खाली आले. हाड मोडलं नाही हे नशीब. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या त्यांनी घेतल्या आणि जागेच राहिले. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, की हा माणूस असाच जागा राहिला तर फार दिवस काढणार नाही. मुलीने आपल्या घरी खोली तयार केली, जावईबापू स्वतः न्यायला आले. भावोजींनी एकच वाक्य ऐकवलं. घराचं गाणं झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही. शेवटी मुलगी माझ्याकडे आली. मावशी, त्यांनी कुणाचं ऐकलं तर तुझंच ऐकतील, तू त्यांना बोल. बोलायचं काम असलं की मला बोलावतात, हे आमच्या घरात पूर्वीपासून आहे.

मी दुपारी गेले. जिन्यात माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटला. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत काही म्हणजे काही नव्हतं. फरशीवर खाटेच्या पायांचे काळे ठसे, कपाटाच्या जागी गंजाचे डाग, शिवणयंत्र जिथे असायचं तिथे घासून गुळगुळीत झालेली फरशी. माणूस गेला की फोटो राहतो म्हणतात. इथे माणूस आणि फोटो दोन्ही गेले होते आणि नुसत्या जागा राहिल्या होत्या. भावोजी भिंतीला टेकून बसले होते. गालफडं बसलेली, डोळे लाल. मला बघून त्यांनी सतरंजी माझ्याकडे सरकवली.

मी ठरवून गेले होते तेवढं सगळं बोलले. लेकीला रडवता, लोकांना घाबरवता, स्वतःला मारता, आणि कशासाठी?  ते म्हणाले, सूर सापडलाय, शब्द येत नाहीत. शब्द तिचं खातं होतं. मी रोज सूर लावून वाट बघतो, ती काही बोलतच नाही.

आणि त्यांनी डोळे मिटून सूर लावला. मी लहानपणापासून त्यांचं घुमणं ऐकलेलं, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. खोलीने सूर उचलला आणि आवाज दोघांचा झाला. दुसरा आवाज बारीक होता, खाटेच्या ठशांच्या बाजूने येत होता, आणि त्याला तोंड नव्हतं. कुणीतरी बोलायला ओठ उघडतंय आणि शब्दच नाहीत, असं मला वाटलं. मी भित्री नाही. पण मला तिथे एक क्षणही थांबवेना. मी उठले, आणि घाबरलेला माणूस जसा उगाच कशावर तरी खेकसतो तशी बाहेरच्या दाराकडे बघून खेकसले, की निदान ते दार तरी लोटा.

भावोजींचा सूर तुटला. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच भूत आहे.

"अशीच म्हणायची ती," ते म्हणाले.

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. म्हटलं, हो ना, अशीच म्हणायची. शेवटपर्यंत आम्हाला कामाला लावलं तिने. आणि मी तिची नक्कल करत सगळं धडाधडा म्हणून दाखवलं. कपाटाचं दार लोटा, भांडं पालथं घाला, उशी जरा फिरवा माझी, पडदा थोडा ओढा. माझं रडणं आवरेपर्यंत मी तशीच बोलत राहिले. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की ठक ठक असा आवाज येतोय. भावोजी बोटाच्या पेरांनी भिंतीवर ठोका धरत होते. मी जिथे श्वास घेत होते तिथे त्यांचा ठोका थांबत होता.

"परत म्हण," ते म्हणाले. "सावकाश."

मी सावकाश म्हटलं.

कपाटाचं दार लोटा,
भांडं पालथं घाला,
उशी जरा फिरवा माझी,
पडदा थोडा ओढा.
ठिबकतो नळ, आवळा जरा,
खुर्ची बाजूला घ्या,
दिवा तेवढा राहू द्या हो,
जागी आहे मी, निजा.

तेव्हा कुठे माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. ती मला मान देत नव्हती. ती माझ्याशी बोलतच नव्हती. लोटा, घाला, ओढा, हे सगळं भावोजींना होतं. गाणं त्यांना होतं, आणि आम्ही शहाणी माणसं उठून कपाटं लावत होतो. मी चिडवलं तेव्हा ती का हसली आणि परत पहिल्यापासून का सुरू झाली, ते आता कळलं. ती म्हणून दाखवत होती. घर रिकामं व्हायची वाट तिने बघितली नव्हती.

भावोजींनी घाईने सूर लावला आणि मी शब्द म्हणायला लागले. ते बसेनात. कपाटाचं दार पहिल्याच ठोक्याला अडखळलं, निजा तर पार बाहेर पडलं. परत केलं, परत तेच.  हे गाणं या घराचं नाहीच, असं म्हणून भावोजी खाली बसले. इतकी दमलेली मान मी कधी पाहिली नाही. माझी जीभ मात्र दमत नाही.

"याच घराचं आहे," मी म्हटलं. "तुम्ही घर कुठे नेऊन ठेवलंय, ते सांगा."

त्यांनी फरशीवरच्या ठशांवरून नजर फिरवली. मग उठून जिना उतरले. मागोमाग मी धावले तर ते कुलूपवाल्याला विचारत होते, टेम्पो कुणाचा मिळेल.

सामान परत आणायला आम्हाला जमेल तसं पळावं लागलं. मुलीने आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग बापाचा चेहरा बघितला आणि कपाट रिकामं करायला घेतलं. जावईबापूंनी कपाटाखाली बोट चेमटवून घेतलं आणि सासऱ्यासमोर ओरडता येईना म्हणून जिन्यात जाऊन नाचून आले. माझी खाट आली. शिवणयंत्र ज्यांच्याकडे गेलं होतं त्या बाईने कुरकुर करत का होईना, दिलं. खुर्ची एका न्हाव्याच्या दुकानात सापडली, तिच्यावर गिऱ्हाईक बसलं होतं, त्याची दाढी होईपर्यंत आम्ही उभे राहिलो. भावोजी गुडघ्यावर बसून प्रत्येक पाय त्याच्या त्याच्या ठशावर ठेवून घेत होते. कपाट जरा इकडे, अजून जरा, बस. पडदे मी लावले. सगळं झालं तेव्हा घर इतकं पहिल्यासारखं दिसायला लागलं की मुलीने आत पाऊल टाकलं आणि सवयीने खाटेकडे बघून आई म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं.

भावोजी मधोमध उभे राहिले आणि खालच्या सुरापासून वर जायला लागले. भरलेली खोली सूर गिळते, हे मीही एव्हाना शिकले होते. पडदे गिळतात, गादी गिळते. ते वर जात राहिले. एका जागी कपाट जरासं थरथरलं आणि थांबलं. त्यांनी परत तिथे येऊन बघितलं. जवळ येत होतं, लागत नव्हतं. परत. परत. घाम त्यांच्या कानामागून गळ्यावर आला. शेवटी ते थांबले आणि माझ्याकडे वळले. त्यांना काय विचारायचंय ते मला विचारण्याआधी कळलं, आणि देवा, यांनी विचारू नये, असं मनात आलं.

"तू तिच्याच अंगकाठीची आहेस," ते म्हणाले. "जरा पडतेस का तिथे?"

मुलीचा चेहरा पांढरा पडला. जावईबापूंनी माझ्याकडे बघितलं नाही. मी नाही म्हणू शकले असते. ती खाट गेले कित्येक दिवस माझ्या घरी होती आणि मी तिच्यावर कपड्यांच्या घड्या सोडून काही ठेवलं नव्हतं, बसलेसुद्धा नव्हते. पण मी त्या माणसाच्या डोळ्यांकडे बघितलं आणि चपला काढल्या. गादीला ताईच्या अंगाचा खोलगट भाग होता. मी त्यात पडले आणि तो मला बरोबर बसला. वर छताला एक भेग होती. ताई इतके दिवस हिच्याकडे बघत होती, हे मला माहीत नव्हतं.

भावोजींनी सूर लावला. तो खालून आला, खाटेच्या पायांतून, माझ्या पाठीतून, आणि कपाटाचा पत्रा बारीक आवाजात गायला लागला. रिकाम्या खोलीतला तो तोंड नसलेला आवाज हा नव्हता. हा ऊबदार होता, जरा बसका, सर्दी झाल्यावर ताईचा व्हायचा तसा. मी शब्द म्हटले असं मी सांगते खरं, पण मी नुसतं तोंड उघडलं, ते आपोआप बसत गेले. कपाटाचं दार लोटा. भावोजींनी सूर न सोडता दोन पावलं टाकून कपाटाचं दार लोटलं. भांडं पालथं घाला. मुलीने स्टुलावरचं भांडं पालथं घातलं. उशी जरा फिरवा माझी, म्हटलं तर तिने माझ्या मानेखाली हात घालून माझं डोकं उचललं आणि उशी फिरवली, थंड बाजू वर.  पडदा ओढला गेला. जावईबापू बाहेरच्या खोलीत जाऊन न ठिबकणारा नळ आवळून आले. खुर्ची खिडकीपासून बाजूला झाली. भर दुपारी मुलीने दिवा लावला.

जागी आहे मी, निजा, मी म्हटलं.

भावोजी खुर्चीत बसले. कपाट अजून जरासं गुणगुणत होतं. त्यांची हनुवटी हळूहळू छातीवर आली, आणि मी वाट बघत राहिले की आता दचकून वर करतील. त्यांनी केली नाही. श्वास लांब झाला. मग तोंड जरा उघडं पडलं आणि माझे भावोजी, घुम्या रंगारी, चक्क घोरायला लागले.

मुलगी भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात घालून रडली, आवाज होऊ नये म्हणून. जावईबापू पाय न वाजवता जिना उतरून गेले. उन्हाची तिरीप पडद्याच्या कडेने फरशीवर आली, कपाटापर्यंत गेली, वर चढली. माझी पाठ अवघडली होती, एक पाय मुंग्यांनी भरला होता. पण मला वाटत होतं की मी या खोलगट जागेतून उठले की घरातून काहीतरी निघून जाईल आणि ते जागे होतील. शेवटी मुलीने डोळे पुसले आणि खुणेने मला विचारलं, मावशी, उठतेस का आता?

"जागी आहे मी," मी म्हटलं. "तू पण नीज."

मुलीने चमकून माझ्याकडे बघितलं. ती नंतर म्हणाली, की तो आवाज आईचा होता. मी तिला वेड्यात काढलं. त्या वेळी मात्र ती तिथेच फरशीवर आडवी झाली, आणि दिवेलागण होईपर्यंत मी काही उठले नाही.